नातं : वडील

पुणे, १२ जून २०२५

ती. बाबांस,
अश्विनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर मी ओरडते, तुम्हाला ऐकू येत नाही आणि अख्खं जानेफळ ऐकतं. म्हणून आपलं पत्रच बरं. इंग्लंडच्या विद्यापीठात माझी जागा पक्की झाली! पिकांवरच्या रोगांचा अभ्यास, एक वर्षाचा. तुम्ही पाठवलेली फी तिथे पोचली, पावतीही आली. राहिला फक्त व्हिसा.

त्याचा अर्ज काल भरला. वडिलांचं नाव विचारलं तिथे वामनराव लिहिलं. खर्चाचे पैसे कोणाच्या खात्यात, तर शेषराव. त्यांच्याशी नातं काय, तर वडील. लिहिताना हात अडखळलासुद्धा नाही. शाळेत बाई चिडवायच्या ना, तुला बाबा किती गं, आणि मी ऐटीत दोन सांगायचे, एक फोटोतले आणि एक ओरडणारे. तसंच झालं.

आईला सांगा, लोणच्याची बरणी भरू नकोस. विमानात फुटली तर मलाच उतरवतील.

आहे तशीच माया राहू द्या.
तुमची,
अश्विनी

जानेफळ, १८ जून

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. तुह्या आईले, शालूले, वाचून दाखवलं तर ते रडूनच राह्यली. मी म्हटलं, पोरगी शिकाले चालली, सासरी नाही चालली. तर म्हणते, सासरी तरी एसटी जाते. आता याले काय उत्तर देऊ, तूच सांग. लोणचं टाकून झालं आहे, तुहा हुकूम उशिरा पोचला.

मेहकरचा प्लॉट इकला, ते मनाले लावून घेऊ नको. तिथं गाजरगवताशिवाय काही उगवत नव्हतं. पैसे माह्या खात्यात हायेत, हात लावला नाही.

वामनची लय याद आली. तो अन् तुही जन्मदाती चिखलीच्या रस्त्यावर जीपमधी गेले, तवा तुले धड चालता येत नव्हतं. तेरवीले भाऊबंदाइनं तुले माह्या मांडीवर बसवलं, तोंडात गूळ घातला, अन् जानराव मामानं साऱ्याइले सांगतलं का आजपासून शेषराव हिचा बाप. पंगत उठली, झालं दत्तक. कागद कोणी मागतला नाही, अन् आम्ही केला बी नाही. शाळेत मात्र नाव वामनचंच लावलं. माह्या भावाचं नाव पुसून टाकाची माही छाती झाली नाही. तू दोघाइचं नाव लिहिलं, बेस केलं.

जेवत जाय येळेवर. पत्राची वाट पायतो.
तुहा,
बाबा

पुणे, १९ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी खाली बसा, मग वाचा. व्हिसा नाकारला. मी खोटी माहिती दिली म्हणतात. एका रकान्यात वडील वामनराव, दुसऱ्यात वडील शेषराव, म्हणजे कोणीतरी एक बनावट. आयुष्यात खोटं बोलले नसेन असं नाही, पण हे नव्हतं हो खोटं!

वकील म्हणतात, तुम्ही मेहकरला नोटरीसमोर शपथपत्र दिलंत की शेषराव हे मुलीचे वडील नसून काका आहेत, तर फेरविचाराचा अर्ज टाकून बघता येईल. मी करा म्हणत नाही. वरचं वाक्य मी दोनदा खोडून लिहिलं. आईला काही बोलू नका. तिचा बीपी तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी तिला फोनही करत नाही.

रागावला असाल तर रागवा, पण लोभ कमी करू नका.
अश्विनी

पुणे, २४ जुलै

ती. बाबांस,
नमस्कार.

मागचं पत्र विसरा. मेहकरला जाऊ नका. शपथपत्र करू नका. वकिलांनी आज नियम नीट वाचून दाखवला, तो आधी वाचला असता तर काय बिघडलं असतं त्यांचं? पैसे विद्यार्थ्याचे स्वतःचे किंवा आईवडिलांचे लागतात. कोर्टानं नेमलेल्या पालकाचेही चालतात. काकाचे चालत नाहीत. म्हणजे तुम्ही वडील नाही असं लिहून दिलंत की तुमचे पैसे त्यांच्या लेखी पैसेच नाहीत. मांडीवर बसवल्याचा काही पुरावा आहे का, असं वकिलांनी विचारलं. मी गूळ म्हणाले आणि मलाच हसू आलं, मग रडू.

माझ्या खात्यात टाकावेत तर ते महिनाभर तिथे दिसले पाहिजेत, तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते. आणि खोटेपणाचा शिक्का असा आहे की पुढची कित्येक वर्षं तिकडे अर्ज करून उपयोग नाही. फीसुद्धा बुडाली. संपलं, बाबा. माझंही आणि तुमच्या प्लॉटचंही.

निरोप द्यायला शेजारच्या गोकुळला फोन लावला, तर तो बहिणीकडे बीबी गावाला गेलाय. हे पत्र तरी तुम्ही निघण्याआधी पोचू दे. तुम्ही कोण आहात ते कोणाला लिहून देऊ नका.

तुमचीच,
अश्विनी

जानेफळ, २५ जुलै

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

तुह्यं व्हिसाचं पत्र काल सांजीले भेटलं अन् आज सकाळच्याच एसटीनं मेहकरले गेलो. शालूले सांगतलं का कानाची मशीन दाखवाले जातो. तू फिकर करू नको, काम झालं.

नोटरीकडला बाबू म्हणे, लिहिलेलं वाचून सांगा, बरोबर हाय का. मले ऐकू येत नाही तर मी मोठ्यानंच बोलतो, तुले ठाऊक हाय. वाचलं, का मी हिचा बाप नाही. बाहेर झाडाखाली बसलेले लोक आतमधी डोकावून पाहाले लागले. बाबूले वाटलं काही भानगड हाय. त्यानं मले पाणी देलं.

तुले वाईट वाटलं असन, पण मले काही नाही. तुह्या शिक्षणापुढं एक सही काय मोठी हाय? कागद याच पाकिटात ठेवला. नीट पाय, नाव-गाव चुकलं असन तर सांग, मी परत जाऊन पुन्हा वाचून येईन. आता तुह्यं जाणं कोणी अडवत नाही.

एसटीत बसल्यावर मात्र मले वामनसंग भांडावं वाटलं. त्याले म्हणावं, घे बापा, तुही पोरगी तुले वापस लिहून देली.

खाली काय लिहावं ते समजून नाही राह्यलं. शपथ घेतलेली हाय अन् कागदाची शाई अजून ओली हाय. तू गेल्यावर पुन्हा बाबा लिहीन.

शेषराव