लाखा-गुल्लीची घोडी

पांढरकवडा
२० जुलै १९६२

चि. सौ. बसंती हिला बापूचे पोटभर आशीर्वाद.

सेवाभायाच्या कृपेनं इकडे ठीक आहे. तुझी याडी ठीक. विजयमाला शाळेत जाते आणि घरी आली की काम चुकवते, म्हणजे तीही ठीक. पावसानं हायवेला इतके खड्डे पडले आहेत की हैदराबादकडून येणारा ट्रक माझ्याच गॅरेजच्या दारात येऊन कमानपाटा मोडतो. देवाला सांगून करून घेतल्यासारखं काम आहे.

जावई अमरसिंग लाखा आणि गुल्लीला टोपलीत घालून घेऊन आले, ते तुला माहीतच आहे. वडकीला गाडी बदलायची, त्यात दोन पोपट सांभाळायचे, बराच ताप झाला असेल. ओसरीत टोपली ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “आईले या पाखरायचा कल्ला सहन होत नाही, मामा. इथंच राहू द्या.” चहा अर्धा टाकून उठले. याडीला फार लागलं. लग्न ठरलं तेव्हा तू दागिन्यांच्या आधी या दोघांना मागून घेतलं होतंस.

मी म्हटलं, विहीणबाईंचं चुकत नाही. पिंजरा एकदा आढ्याला टांगला की सगळा कल्ला एका घरात कोंडून राहतो. माणसानं जेवावं कुठं, झोपावं कुठं? म्हणून मी एक युक्ती काढली आहे. हे पत्र तू नेहमीसारखं अंगणात मोठ्यानं वाचशील, तेव्हा विहीणबाईंनाही ऐकू जाईल म्हणून सविस्तर लिहितो.

मी पोपटांसाठी घोडी बनवून राह्यलो आहे. म्हणजे उचलून कुठंही नेता येईल अशी उभी दांडी. बुडाला ट्रकची जुनी क्लचप्लेट, अशी जड की बैलानं घासून गेलं तरी पडू नये. तिच्यावर पाण्याचा पाइप, दोन तुकड्यांत, मधे आटे पाडून जोडलेला. फिरवला की सुटतो, पिशवीत घालून एस.टी.त नेता येतो. वर आडवी दांडी, दोन टोकांना दोन कटोऱ्या तारेनं बांधलेल्या, आणि खाली घाण पडायला डालडाच्या डब्याचं झाकण. सकाळी विहिरीजवळ ठेवा, दुपारी लिंबाखाली, पाऊस आला की गोठ्यात. जिथं माणसाला झोपायचं असेल तिथून पोपट हलवायचा.

पहिली दांडी सागाची केली. रंधा मारून आरशासारखी गुळगुळीत. गुल्ली बसली आणि लगेच उलटी लोंबकळली. याडी म्हणाली, “तुमी सोता बसून पाहा आधी.” मग बोरीची फांदी तोडून आणली, सालीसकट, एका बाजूनं जाड, एका बाजूनं बारीक. ज्याला जशी पकड पाहिजे तशी त्यानं घ्यावी. आता दोघं तिच्यावर पाटलासारखे बसतात. साल सोलून खातात ते वेगळं. अधूनमधून फांदी बदलावी लागेल, पण तुमच्या बांधावर बोरी पुष्कळ आहेत.

पावसात वरून टाकायला याडीनं आपल्या जुन्या फेटियाच्या, घागऱ्याच्या घेराचं झाकण शिवलं. त्यावरचे निम्मे आरसे लाखानं एका दिवसात उपटले. याडी म्हणते, पोरीच्या मांडवाच्या खांबाला तुम्ही हात लावला नाही आणि पाखरांसाठी एवढे राबता. मी म्हटलं, मांडवाला माणसं होती.

लाखाचा घसा मात्र जरा बसल्यासारखा वाटतो. याडी त्याला ओव्याचं पाणी पाजते, हळद चाटवते. पाखराला सर्दी होते की नाही, मला ठाऊक नाही. तिकडे असतानाही असंच होतं का? तुमच्या शेजारी कोणी म्हातारं माणूस राहायला आलं आहे का? सहज विचारतो.

तुझं मागचं पत्र चारच ओळींचं होतं. जेवण जातं ना? घोडी पुरी झाली की बाजाराच्या दिवशी मी दोघांना घेऊन येतो. विहीणबाईंना आणि सेवादास व्याह्यांना रामराम.

तुझा
बापू


पांढरकवडा
३ ऑगस्ट १९६२

बसंती,

हे पत्र टपालात टाकलं नाही. आपला ड्रायव्हर फकिरा सरकीचं पोतं द्यायच्या निमित्तानं तुमच्या तांड्यावर येईल आणि तुझ्याच हातात देईल. हे अंगणात वाचू नकोस.

बाजाराला निघायच्या तयारीत होतो तोच तुझं कार्ड आलं. “पोपट आणू नका. घोडी तिकडेच राहू द्या. मी बरी आहे.” याडीनं ते मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. तिला वाटतं, तुला सासरी कोणी बोललं असेल. मी म्हटलं, तसं काही नसेल. माझ्या मनात त्याहून वाईट येऊन राह्यलं आहे, ते तिला सांगितलं नाही.

लाखाला सर्दी झालेली नाही. मागच्या पत्रात तसं लिहिलं, कारण ते सगळे ऐकणार होते.

तुला माहीत आहे, गाडी वळणावर असतानाच मी सांगतो कोणता प्लग चुकतो. शाळा मी पाहिली नाही. अक्षरं ट्रकच्या पाट्यांवरून लावली. हे दोन कान होते म्हणून क्लीनरचा मिस्त्री झालो आणि मिस्त्रीचा मालक. दुपारी गडी जेवायला उठतात, हातोडे थांबतात, तेव्हा लाखा घोडीवर अंग फुगवून बसतो आणि खोकतो. पहिल्या दिवशी वाटलं, गिऱ्हाईक आलं. “या, बसा” असं मी म्हटलंसुद्धा. वळून पाहिलं तर कोणी नव्हतं.

तो पाखराचा खोकला नाही. आधी कोरडा, वरच्या वर. मग खालून येतो, ओला. मग मधेच दाबला जातो, तोंडात पदर कोंबावा तसा. मग एक लांब श्वास. आणि मग लाखा तुझ्या आवाजात बोलतो, “कांई छेनी, याडी. कांई छेनी.”

सासूलाही तू याडी म्हणतेस. काही नाही, आई, काही नाही. आपल्या बोलीत, तुझ्या आवाजात, आणि शेवटी दम अपुरा पडतो तोही जसाच्या तसा. एकदा ऐकून पाखरू शिकत नाही, बेटा. रोज कानावर पडावं लागतं.

तुझ्या याडीला ते ऐकून आनंद होतो. म्हणते, “पाहा, लाखा पोरीसारखाच बोलून राह्यला.” त्याला पेरूची फोड देते. मी पाना हातात घेऊन बाहेर निघून जातो.

विहीणबाईंना कल्ला सहन होत नाही, असं अमरसिंग म्हणाले. पण दिवाळीला मी तुमच्याकडे आलतो, तेव्हा त्याच विहीणबाई लाखाला मांडीवर घेऊन भिजवलेली डाळ भरवत होत्या. घोडीच्या पाइपाला शेवटचा आटा पाडताना हे मला आठवलं आणि हात थांबला. पोपट त्यांनी पाठवले नाहीत. तू पाठवलेस. तू खोकला पदरात दाबायचीस आणि हा गडी तो सगळ्यांना ऐकवायचा. आणि मी शहाणा, त्यालाच तुमच्या अंगणाच्या मधोमध नेऊन उभं करायला लोखंडी घोडी घडवत होतो. सकाळी विहिरीजवळ, दुपारी लिंबाखाली. कोणाच्या कानातून सुटायला नको.

मी यवतमाळला जाऊन आलो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, तुझं नाव सांगितलं नाही. ते म्हणाले, संध्याकाळचा ताप येतो का? अंग उतरलं का? थुंकीत लाल दिसतं का? मी काय सांगणार, पोपट तेवढंच सांगतो. डॉक्टर म्हणाले, “मिस्त्री, पेशंट आणा. पोपटाचं काय ऐकवता?” बरोबर आहे त्यांचं. पण हेही म्हणाले की क्षय असला तरी आता माणूस त्यातून उठतो. सुया आहेत, गोळ्या आहेत. वेळ लागतो, आणि लपवत बसलं तर उठता येत नाही.

लिहिला शेवटी तो शब्द. इतका वेळ त्याच्या भोवतीच फिरत होतो.

तू कशाला भितेस ते मला कळतं. लोक वेगळी झोपडी बांधून देतात, ताटली काठीनं सरकवतात. अमरसिंगला दुसरी बायको सुचवायला पाहुणे येऊन बसतील. मला हे कळत नाही असं समजू नकोस.

राखी झाली की आपल्या तांड्यावर पोरी तीज पेरतील. विजयमालाची पहिलीच तीज आहे. टोपल्यांत गहू उगवून येईपर्यंत गाणी सांगायला थोरली बहीण माहेरी पाहिजे. याला तुझे सासरे नाही म्हणू शकत नाहीत. तेवढ्यात यवतमाळला छातीचा फोटो काढून होईल, कोणाला काही कळणार नाही. तोवर तुझा ताट-पेला तूच वेगळा ठेव, कारण सांगू नकोस.

फकिराजवळ नुसतं “हो” म्हण. तो विचारणार नाही कशाला.

बापू


पांढरकवडा
११ ऑगस्ट १९६२

बसंती, आशीर्वाद.

फकिरा परत आला. म्हणाला, “बाईनं कागद कमरेले खोचला अन् पोतं कुठं टाकाचं ते सांगितलं. दुसरं काई बोलली नाही.” याचा अर्थ मी काय लावायचा? तेव्हापासून जेवण गोड लागलं नाही. तुमच्या राळेगावकडून येणारी एस.टी. मी आवाजावरून ओळखतो, तरी प्रत्येक गाडीला उठून दारात जात होतो.

काल दुपारी अमरसिंग आले. तू त्यांना पाठवलं नाहीस हे त्यांनी आधीच सांगितलं, म्हणून मीही सांगतो. घोडीजवळच्या बाकड्यावर बसले. मी ट्रकखाली होतो. पाऊस, कपाशी, बैलाचा खूर, असं इकडचं तिकडचं चाललं. तेवढ्यात गड्यांनी हातोडे ठेवले आणि लाखा सुरू झाला. सगळं, शेवटच्या कांई छेनीपर्यंत.

मला खालून फक्त त्यांचे पाय दिसत होते. अंगठ्यानं माती उकरत होते.

मी म्हटलं, “तुमच्या सासूबाई म्हणते, पाखराले सर्दी झाली. तुमाले काय वाटते?”

“सर्दी नाही, मामा.”

“मंग?”

“तुमाले मालूम आहे. तुमी बाहेर या.”

बाहेर आलो. हात पुसायला चिंधी सापडेना.

“कवापासून?”

“होळीपासून. आता संध्याकाळी अंग तापते.”

“अन् लाल?”

“एक डाव दिसलं.”

“काहून नाही सांगितलं मले?”

“तिनं सेवाभायाची आण घातली. म्हणे, बापूले सांगशीन तर त्याचं जेवण बंद होईन.” मग म्हणाले, “टोपली मांडीवर घेऊन बसलो होतो गाडीत. हा सारा रस्ता खोकत आला. लोकं सरकून बसले. कंडक्टर म्हणे, कोणाले झालं हे, उतरवा त्याले. मी टोपलीवरची ओढणी वर करून दाखवली. म्हटलं, पाखरू आहे गा, पाखराले कायचा रोग? सारे हासले, मामा. मीबी हासलो. अन् वडकीले उतरून नळापाशी तोंड धूत बसलो.”

बसंती, तो माणूस तुझं खोटं आपल्या आईच्या नावावर घेऊन माझ्या ओसरीत उभा होता, आणि मी मनात म्हणत होतो, जावई चहा टाकून गेला, मिजास वाढली. त्यांच्यावर रागावू नकोस. आण मोडली तर मोडली. सेवाभायाला मी सांगेन.

दुसऱ्या बायकोचंही मी सरळ विचारलं. तुझ्या बापाला आडून बोलता येतं, पण इथं आडून बोलायची हिंमत झाली नाही. ते म्हणाले, “मी हिले दवाखान्यात कसं नेऊ ते विचाराले आलो, अन् तुमी काय बोलून राह्यले?” मग गुल्लीनं त्यांच्या टोपीचा धागा ओढला तेव्हा दोघांना बोलायला सुधरलं.

तुझ्या याडीला सांगितलं. मला वाटलं रडेल. तिनं ओव्याच्या पाण्याची वाटी न्हाणीत ओतली. मग तुझी खाट ओसरीच्या वाऱ्याच्या बाजूला ओढून घेतली. डॉक्टरांनी हवेची जागा सांगितली होती. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, “माही पोर येगळ्या झोपडीत राहाची नाही.” एवढंच. नंतर चुलीपुढे बराच वेळ बसली होती, धूर होता.

तीजेचा निरोप अमरसिंग आज तुझ्या सासऱ्यांना देतील, हे पत्रही त्यांच्याच हाती पाठवतो. फोटोत काय निघतं ते कळलं की व्याही-विहिणींना खरं सांगायचं. ते लपवून चालणार नाही, त्यांच्याही घरात माणसं आहेत. पण सांगायला मी येईन, समोर बसून. तू नाही, अमरसिंग नाही.

परवा सकाळी मी स्वतः गाडी घेऊन येतो. एस.टी.त तुला बसवायचं नाही. केबिनमध्ये गादी टाकली आहे, बाजूची काच नीट केली आहे, वारा हवा तेवढा घेता येईल. कपड्यांचं गाठोडं अमरसिंग उचलतील, तू उचलू नकोस. सासूच्या पाया पडताना वाकलीस आणि आला तर तेवढा एक दाब. तेवढाच.

गाडी तांड्याच्या बाहेर आली की मग दाबू नकोस. जसा येईल तसा येऊ दे, कितीही वेळ. मी गाडी हळू चालवीन. माझ्यापुढे खोक, बेटा.

तुला न्यायला निघालेला
तुझा बापू