कणकेचा हिंदुस्थान

मल्लेश्वरम्, बेंगळूर
मंगळवार, ता. ११ ऑगस्ट १९६४

चि. सौ. वीणा हिस आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी हातात पडलं. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. श्रावण लागला. तुझ्या आप्पांचा गुडघा पावसाळी हवेत कुरकुरतो, पण कारखान्याची बस ते अजून चुकवत नाहीत. पद्माकररावांची गव्हाच्या संशोधन केंद्रातली नोकरी कायम झाली हे वाचून आनंद झाला. आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. 'कायम' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला, का ते तुला कळेलच.

डॉक्टरांनी प्रवास मना केलाय, तेव्हा बाळंतपण तिथेच करणार, इस्पितळ उत्तम आहे, काळजी नसावी, असं तू लिहितेस. काळजी नसावी म्हणे. पहिलटकरणीनं माहेरी यायचं नाही आणि आईनं काळजी करायची नाही. तुझ्या मुलीनं उद्या तुला असं लिहिलं, की मग बोलू आपण.

तू कॅनडाला गेलीस त्या वर्षी मी अव्हेन्यू रोडवरून जगाचा नकाशा आणून डब्यांच्या फळीवर लावला होता. पोळ्या लाटताना रोज तो समोर असतो. त्यात तुमचा देश वरची सगळी भिंत अडवून बसलेला आणि आपला हिंदुस्थान खाली एवढासा. सात-आठ हिंदुस्थान आरामात मावतील, असा माझा अंदाज. सुरुवातीला बघून रडू यायचं. मग मीच मनाची समजूत घातली, की एवढा अवाढव्य देश म्हणजे माणसंही तितकीच असणार. गर्दीच असेल. लेकीच्या हाकेला कुणी ना कुणी ओ देईल. दोन वर्षं मी त्याच भरवशावर शांत झोपले.

शनिवारी तुझं पत्र वाचलं आणि आप्पांना म्हटलं, मी जाते तिच्याकडे. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "नातवंडाचं तोंड बघितल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. तू महिनाभर आधी जाणार. तोवर काय वारा खाणार?"

हे काही त्यांनी पदरचं काढलेलं नाही. माझं लग्न झाल्यावर माझे वडील हुबळीला मला भेटायला येत, ते शेजारच्या देशपांड्यांकडे जेवून येत आणि मग ओसरीवर माझ्याशी बोलत बसत. मी आतून बघत राहायची. तू जन्मलीस तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातचा भात खाल्ला. आप्पा म्हणाले, "जायचंच असेल तर वीणाला आधी तसा शेजार बघून ठेवायला सांग." मी म्हटलं, बरं, एवढा देश आहे, शेजाराला काय तोटा?

रविवारी पलीकडच्या गंगव्वा आल्या. त्या शाळेत भूगोल शिकवतात. माझं तोंड उतरलेलं पाहून कारण विचारलं, आणि नकाशाकडे बघून हसायलाच लागल्या. "अक्का, ह्यो नकाशा स्वल्प खोटं बोलतोय बघा. गोल पृथ्वी चपटी करायची म्हणजे वरचे देश ओढून ताणून बसवावे लागतात. तुमच्या लेकीचा देश फुगलाय." शाळेचा पृथ्वीगोल त्यांनी घरी आणला होता, तो उचलून आणला.

माझ्या पोळ्या चालल्या होत्या. मी एक पोळी पातळ लाटली, गोलावर हिंदुस्थानावर पसरली आणि सुरीनं काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कडेनं कापली. मग तो कणकेचा हिंदुस्थान उचलून कॅनडावर ठेवला. दुसरा केला. तिसरा केला. कोपरे तोडून खाचाखोचांत बसवले, आणि तिसऱ्यात कॅनडा संपला. फक्त तीन. मला इतकं हलकं वाटलं, की मी गंगव्वांना चहा टाकते म्हणून पोह्यांचा डबा उघडला.

आप्पा गोलाला लागलेलं पीठ बघून आधी माझ्यावर वैतागले. मग ड्रॉइंग ऑफिसातला माणूस तो, पेन्सिल आणि वर्षकोश घेऊन बसलाच. म्हणाले, "देश तीन हिंदुस्थानांचा, पण माणसं किती? आपल्या एकट्या म्हैसूर राज्यात आहेत, त्याहूनही कमी."

गंगव्वा म्हणाल्या, "इष्टेना? एवढीच? मग बाळंतिणीची शेगडी कोण पेटवणार हो?"

आप्पांनी भागाकार केला. आपल्याकडे चौरस मैलाला तीनशेच्या वर माणसं, तुमच्याकडे पाच. आपल्या गल्लीत धरून चाला दोनशे माणसं, ती तुमच्या मापानं वसवायची तर अख्खं बेंगळूर लागेल.

वीणा, गेल्या वर्षीच्या माघातलं मी आजवर लिहिलं नाही. पद्माकरराव कामावर, बर्फानं रस्ता बंद, जवळचं घर दोन मैलांवर आणि घरात तू एकटी. पोटातलं मूल गेलं. ते तू मला चार ओळींत कळवलंस आणि मी उलट टपाली तुला मेतकुटाची कृती पाठवली. दुसरं काय लिहावं ते सुचेना. तेव्हाही वाटत होतं, इतक्या मोठ्या देशात कुणीतरी धावत आलंच असेल. कुणी येण्यासारखं नव्हतंच, हे मला परवा आप्पांच्या भागाकारावरून कळलं. मी पोळपाट तसाच टाकून मोरीत जाऊन रडले.

बाहेर आले तर आप्पा गोलाकडे बघत होते. म्हणाले, "दोन मैल बर्फातून तू जेवायला कुणाकडे जाणार?" मग स्वतःच म्हणाले, "आपले रिवाज चौरस मैलाला तीनशे माणसं धरून केलेले आहेत. तिथे ते लागू पडत नाहीत. तिच्याकडेच जेव."

काल त्यांनी माझा पासपोर्टचा अर्ज मद्रासला धाडला. ऑक्टोबरात निघेन. विमानाची भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण यंदा तू एकटी नसशील, आणि सगळं सुखरूप होईल, असं मला आतून वाटतं आहे.

बाळंतपणात तुला चुलीशी जाऊ देणार नाही. पहिल्या दिवशी मात्र पान तू वाढ. वरणभात पुरे. माझ्या वडिलांना वर्षभर थांबावं लागलं, मी थांबणार नाही. पोटभर जेवणार आहे.

तुझ्या घरी जेवायला येणारी,
तुझी
आई