शेवटी ऊ हवा

३ फेब्रुवारी २०२५
मुलगा! सकाळी नऊ दहाला. पियूष बंदरावरून तसाच धावत आला, अंगाला म्हावऱ्याचा वास. नर्सने ओरडून बाहेर काढला. नाक आपल्याकडचं आहे. शिवानीला माहेरी आई नाही, म्हणून सुनेचं बाळंतपण माझ्याकडेच. आई पण मी आणि सासू पण मी — बघू कसं जमतंय!

५ फेब्रुवारी
घरी आणलं. आणि लगेच नावावरून ठिणगी! शिवानीचं कधीचंच ठरलेलं — निकेत. मी म्हटलं, छान आहे, पण नावाच्या शेवटी ऊ हवा. "का?" म्हणाली. हवा म्हणजे हवा!
पियूष हसत सुटला. "आये, ज्योतिषाने सांगितलं का?" ज्योतिषाला विचारतंय कोण!

६ फेब्रुवारी
दिवसभर बोलली नाही. लाडू बशीत तसाच. मी पण बोलले नाही.

७ फेब्रुवारी
पियूष समजूत घालायला बसला. "आये, आता वायरलेस हाय, जीपीएस हाय. धुक्यातल्या होडीला बंदरावर उभं राहून हाका कोण मारतं?"
आता नाही मारत. पण नामू, धाकू, राघू अशी नावं उगाच नव्हती ठेवत. ऊ तोंडातून सुटला की दम आहे तोवर पाण्यावरून जातो. निकेत म्हटलं की आवाज 'त'वरच तुटतो. पियूष म्हटलं तरी तेच. ते नाव मीच ठेवलेलं, मोठ्या हौसेने.

९ फेब्रुवारी
काय करावं या पोरीला! फोनवरून यादी काढून कागदावर लिहून आणली. शंतनू, अभिमन्यू, हिमांशू, जिष्णू... वीस तरी असतील. "आई, यातलं निवडा." डोळे सुजलेले, बाळ मांडीवर. म्हणाली, "माझी आई असती तर कडकडून भांडले असते. तुमच्याशी तसं भांडता येत नाही."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सांगून टाकलं. पंचवीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, पोटच्या लेकीला, नूतनलासुद्धा नाही.
इथेही लिहिते. माघातलं धुकं होतं. हे आणि यांचा जोडीदार काळूराम वल्ह्याची होडी घेऊन गेलेले. बाकी होड्या आल्या, यांची नाही. धुकं पडलं की सासूबाई बंदरावर जाऊन लेकाला नावाने हाक मारायच्या, त्या आवाजावर होडी आत यायची. नेमक्या त्या दिवशी त्या किहीमला नणंदेकडे. बंदरावर मी, आणि मागे दम्याने धापा टाकणारे चुलतसासरे. त्यांच्यासमोर नवऱ्याचं नाव कसं घेणार? उखाण्यातसुद्धा माझे ओठ हलायचे नाहीत. हे चिडवायचे, "दोन पोरांची आय झाली, लाजते अजून!" (हे चिडवणं तेवढं शिवानीला नाही सांगितलं. त्याचीही लाजच वाटली!)
मी पोराच्या नावाने ओरडले. पियूऽष! पियूऽष! घसा फुटेस्तोवर. होडी खडकावर गेली. काळूराम पोहत आला. हे नाही आले.
लाज गिळून यांचं नाव घेतलं असतं तर? त्याच्या शेवटी ऊ आहे. नुसता तोच विचार, इतकी वर्षं.
शिवानी जवळ सरकली. हात धरून बसली. बाळाचं लंगोट ओलं झालं तेव्हा उठलो.

११ फेब्रुवारी
शिवानीने पियूषला काळूरामकडे पाठवलं. कशाला विचारलं, तर म्हणे बारशाचं आमंत्रण. काळूराम घरचाच, त्याला कसलं आमंत्रण!

१४ फेब्रुवारी
बारसं झालं. 
पाहुण्यांच्या आधीच काळूराम आला, काठी टेकत. सरळ स्वयंपाकघराच्या दारात. "नीरावैनी, सूनबाईनं इचारलंय म्हणून सांगतो. तवा तुझी हाक आमाला ऐकू आलती." मी ओल्या हातांनी तशीच उभी. "चांगली ऐकू आलती. होडी पण वळवली तुझ्याकडं. ओहोटीची ओढ लय, त्यात वल्हं मोडलं. हाकेचा काय दोष न्हाय."
मनात आलं, शिवानीने पढवलाय म्हाताऱ्याला. दया येऊन खोटं बोलतोय.
तर हा हसायला लागला. "तुझा आवाज ऐकून तुझा नवरा काय बोलला ठाव हाय? बोलला, बघ, पोराच्या नावानं मलाच बोलवतेय. लाजते अजून!"
ते तर मी शिवानीला सांगितलंच नव्हतं! फक्त या वहीत आहे, आणि वही माझ्या पेटीत, कुलपात.
"इतकी वर्षं बोलला का नाहीस रे?"
"तू कवा इचारलंस?"
रडले. खूप रडले. घुगऱ्या खाली लागल्या, नूतनने उतरवल्या.
आत्या म्हणून नूतन पाळण्याशी वाकली, तेव्हा आधी तिच्या कानात मी सांगितलं — निकेत. शिवानी बघतच राहिली. "आई, ऊ हवा होता ना?" म्हटलं, राहू दे गं. जाते हाक.

१५ फेब्रुवारी
सकाळी बंदरावर गेले. धुकं नव्हतं. बायका मासळी निवडत होत्या, काळूराम जाळं शिवत होता. सगळ्यांच्या देखत ओरडले —
भानूऽऽऽ!