दादाचा डंपर

वाशी, १९८६

ती. दादास,

काल आमच्या खाडी बचाव मंडळाच्या बायका तुझ्या डंपरपुढे बसल्या. मी मागे उभी होते. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांवर भराव टाकू द्यायचा नाही, असं ठरलं होतं. गावातली पुतळाबाई ड्रायव्हरला म्हणाली, "पयलं माज्यावर माती टाक. तिवरं गेली तं उधानाचं पानी आमच्या घरान शिरल." त्यानं इंजिन बंद केलं.

"कंत्राटदार कोन हाय?" तिनं मला विचारलं.

"माझा भाऊ."

मग पुतळाबाईनं सरकून मला शेजारी जागा दिली.

आज कोर्टाच्या अर्जावर मी पहिली सही केली. तुला आधी कळवावंसं वाटलं. पण हे पत्र टाकलं तर तू आईला मध्ये घालशील आणि मी विरघळेन. तेव्हा माझं नाव नोटिशीतच वाच.

तुझी धाकटी,
जयमाला