रेवस जेटीवरची शॉकची पेटी

३ नोव्हेंबर
जेटीवर तिकीट खिडकीशेजारी एईडी बसवली. बंद पडलेलं हृदय शॉक देऊन चालू करायची पेटी. आणि इनचार्ज कोण? मनुबाई! कोळंबी विकणारी! मी इतके व्हिडिओ पाहिलेत. गावातल्या निम्म्या मोटारी माझ्या हातानं चालू झाल्यात, तेही कुणी न शिकवता. हृदय म्हणजे शेवटी पंपच. डॉक्टरीणबाई म्हणतात, चांगदेवराव, आधी ट्रेनिंगला बसा. मी बसू? बदला घेणार.

५ नोव्हेंबर
मनुबाईला सांगितलं, सरावाच्या पुतळ्याची छाती दाबताना कोपर वाकतं तुझं. म्हणाली, भाऊ, तुमी कंदी कोनाची छाती दाबली हाय, का नुसता मोबाईलच दाबताव? बायका हसल्या. कोण कोण हसलं, लक्षात आहे.

९ नोव्हेंबर
प्लॅन पक्का. भर बाजारात जेटीवर कोसळायचं. मनुबाई गोंधळणारच. मग उठून, कपडे झटकून, सर्वांसमोर एकेक चूक सांगायची. बायकोला, किशोरीला, सांगितलं. म्हणाली, पडा, पण पांढरा शर्ट घालून नको. पांढराच घालणार.

१२ नोव्हेंबर
पोट हललं तर नाटक उघडं पडेल. दम रोखायचा सराव. अर्धवट काम आपल्याला जमत नाही. किशोरीला वाटलं, रुसलोय.

१६ नोव्हेंबर, सकाळी
आज हिशेब चुकता. पेटीवर नवा बोर्ड लागेल : ‘प्रमुख – चांगदेव’.

१७ नोव्हेंबर, अलिबाग, हॉस्पिटल
पडलो. उत्तम पडलो. मनुबाईनं खांदे हलवले, ओ भाऊ, ओ भाऊ! मी ढिम्म. श्वास बघितला. रोखलेला. ओरडली, श्वास न्हाय! एकीला ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावला, दुसरीला पेटी आणायला. मग दाबायला लागली. बरगडी कडकन वाजली. बोंबलणार होतो, पण हवाच शिल्लक नव्हती. शर्ट कापला. छातीचे केस अर्धे भादरले. पट्ट्या चिकटवल्यावर पेटी म्हणाली, कोणीही हात लावू नका. तेव्हा कुठे बोंबललो. पेटी म्हणाली, शॉकची गरज नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ वाचला!

१९ नोव्हेंबर
मनुबाई कालवण घेऊन आली. सगळं नाटक होतं, हे तोंडावर सांगणारच होतो. ती म्हणाली, भाऊ, तुमचा श्वास न्हाय बगून माजंच हातपाय गार पडलं व्हतं. घरी जाऊन लय रडले.
सांगितलं नाही. बरगडी दुखत होती म्हणून.

२१ नोव्हेंबर
रविवारी जेटीवर मनुबाईचा सत्कार. माझ्या हस्ते. भाषणही माझंच. किशोरीनं निळा शर्ट काढून ठेवलाय.
पहिलं वाक्य लिहून झालं : कोपर सरळ होतं.