तू जागचा हलू नकोस

प्रिय सुगत,

भांडण झालं की आठ दिवस फोन नाही, ज्याने त्याने एकट्याने विचार करायचा, हा आपलाच नियम. पत्राबद्दल नियमात काही नाही. श्रेया संध्याकाळच्या बसने पुण्याला येतेय, तिच्याकडे देईन. तुझी बहीण आहे, वाटेत फोडून वाचेल. वाचू दे.

मला बसवत नाही. चहा ठेवते आणि विसरते. खाली विजय नगरची ट्रॅफिक, पंखा, सगळ्याचा आवाज होतो. इंदूर की पुणे, यावर आपण काय कमी बोललो? महूला बाबा एकटे, हे माझं. अशी नोकरी परत मिळणार नाही, हे तुझं. दोन्ही खरं, आणि लग्नाला वर्ष होऊन घरं दोन.

काल नेटवर्कच्या कामाला तुकोगंजच्या हॉस्पिटलात होते. जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत स्कॅन जात नव्हते. मधे फायबरची तार, दोन्ही टोकांना जुनी नेटवर्क कार्डं. दिवे हिरवे, पिंग, म्हणजे चाचणीची छोटी हाक, व्यवस्थित, मोठी फाइल पाठवली की अडकायची. वेग दोन्हीकडे सारखा होता. ड्युप्लेक्स, म्हणजे जाण्यायेण्याची पद्धत, सारखा नव्हता. माझं कार्ड फुलवर, म्हणजे पाठवणं आणि घेणं एकदम. पलीकडचं हाफवर, एका वेळी एकच. ही कार्डं आपसांत ठरवत नाहीत, दोन्ही टोकांना हाताने सांगावं लागतं. पलीकडे हॉस्पिटलचे शामजी होते. फोनवर म्हणाले, मॅडम, मी बघतो. मीही म्हणाले, बघते. फोन ठेवला. त्यांच्याशी जुळावं म्हणून मी माझं हाफ केलं. माझ्याशी जुळावं म्हणून त्यांनी त्यांचं फुल केलं. फाइल तशीच अडकलेली. मघापर्यंत त्यांच्याकडे दिसणाऱ्या डेटाच्या टकरी आता माझ्या स्क्रीनवर. डॉक्टर दारात येऊन ओरडले, पेशंट टेबलवर आहे! मी पुन्हा फोन केला, तेव्हा शामजी हसायलाच लागले. म्हणाले, अरे यार मॅडम, दोघंही शरीफ निघालो! आता मी हात बांधून बसतो, तुम्ही करा. मी माझं परत फुल केलं. स्कॅन गेला. मीही हसले. घरी येईपर्यंत हसत होते.

आज जेवताना श्रेया बोलून गेली. दादा सोमवारी राजीनामा देतोय, इंदूरला येतोय, तुझ्यासाठी सरप्राइज आहे, माझं नाव सांगू नको वहिनी. सुगत, मी कालच राजीनामा दिलाय. पुण्यातल्या एका कंपनीला होकार कळवलाय. बाबांनीच माझं मन वळवलं. म्हणाले, मी कसला एकटा, अख्खी कॉलनी मला पोरांसारखी सांभाळते, तू जा. आठ दिवस संपले की दारात येऊन तुला चकित करणार होते. नियम मोडून आत्ता फोन लावला, तर बंद. तू नियमही असा पाळतोस! म्हणून हे पत्र. श्रेया सकाळी पोचेल, उद्या रविवार आहे. सोमवारी नेहमीसारखा ऑफिसला जा. खिशात कागद असेल तर फाड. माझ्यासाठी काहीही करू नकोस. मी येतेय. तू फक्त तिथेच राहा.

तुझीच, अर्धं सामान बांधून बसलेली,
संबोधी