लेनीला बोलवा

हॅनकॉक, मिशिगन
१२ जून २०२२

आदरणीय लेम्पीआत्या यांस,

कारिनचा नमस्कार. हे पत्र न फोडताच सॉनाच्या, तापल्या दगडांच्या त्या वाफेच्या न्हाणीच्या, चुलीत गेलं नसेल, असं धरून लिहिते. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा, असं तुमचा रेइनो म्हणतो. तुमच्याबद्दल ठामपणे काही लिहायचा माझा हक्क गेल्या महिन्यात संपला, तेव्हा दोन्ही गुडघ्यांची चौकशी समजावी.) मी बरी आहे, म्हणजे जेवते, पण चव लागत नाही.

जुहान्नुसच्या, म्हणजे आपल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या, मेळाव्याचं आमंत्रण तुम्ही परत पाठवलंत आणि त्यावर ‘लेनीला बोलवा’ एवढंच लिहिलंत. ते मी फ्रिजवर लावलं आहे, कारण माझी लायकी तीच. तळ्यावरच्या आपल्या लाकडी घरात, कॅम्पात, तुम्ही नाही आणि सॉना दुसऱ्याच कुणी पेटवला, असं माझ्या आठवणीत एकदाही झालेलं नाही. रेइनो तर मला रोज फोन करून टोचतो. “काय गं, तुझ्या त्या यंत्रात मी आता आपल्या कांगास घराण्याचा उसना नातू का? की मलाही कुणी खोक्यात घालून आणलं?” तो तुमचा मुलगा आहे, त्याला तेवढा अधिकार आहे.

झालं ते असं. आपल्या कुळाची माहिती मी ज्या प्रोग्रॅममध्ये भरते, त्यात प्रत्येक माणसाचं एक पान असतं आणि जनगणनेत तो जिथे जिथे सापडेल, ती नोंद त्या पानाला जोडायची असते. १९४०च्या कागदात आपल्या घरात आहेत एइनो, हिल्या, मुलगा लेनी वय नऊ, मुलगा तोइवो वय पाच. १९५०चे कागद यंदा एप्रिलमध्ये खुले झाले. त्यात आहेत एइनो, हिल्या, मुलगी लेम्पी वय एकोणीस, तोइवो वय पंधरा. प्रोग्रॅमने मला नम्रपणे विचारलं, लेनी आणि लेम्पी ही एकच व्यक्ती असू शकेल का? मी सूचना वाचणारी बाई. विचार केला, एक मुलगा, एक मुलगी, एवढंही यंत्राला कळू नये? आणि ‘नाही’ हे बटण दाबलं. मग लेनीला मरावं लागलं आणि तुम्हाला कुठून तरी यावं लागलं. तुमच्या पानावर मी ‘दत्तक?’ असं लिहिलं. प्रश्नचिन्हासकट, आत्या! पण वंशावळीचा तक्ता छापताना प्रोग्रॅम प्रश्नचिन्हं गाळतो, हे तेवीस घरांत तक्ते पोचल्यावर कळलं.

तुम्हालाच का विचारलं नाही, असं रेइनो म्हणतो. तुम्हाला दुःख होईल म्हणून. (हे वाक्य आज वाचताना मलाच लाज वाटते.) बाबा, तुमचा तोइवो, असते तर त्यांना विचारलं असतं. पण त्यांनी हयातीत लेनीचं नाव काढलं नाही, हाच मी सगळ्यात मोठा पुरावा मानला, कारण आपल्या घरात जे मनाला लागतं ते कुणी बोलत नाही. तक्ते पोचण्याच्या आधीच्या रविवारी मी चर्चमध्ये मृतांच्या यादीत लेनीचं नाव वाचून घेतलं आणि मेणबत्ती तुमच्या हातात दिली. तुमचे खांदे हलत होते. मी रोजनिशीत लिहिलं, ‘आत्याला हुंदका आवरेना.’ बाहेर पायऱ्यांवर तुम्ही म्हणालात, “गुणी पोरगा होता गं.” तेही मी साक्ष म्हणून नोंदवलं. (त्या वाक्याचं काय करायचं, ते मात्र अजून कळलेलं नाही. बहुधा तुम्हाला नाव नीट ऐकू आलं नसावं.)

तुमचं आमंत्रण परत आल्यावर मला हिल्याआजी आठवली. आपल्या फिन्निशमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द, त्यामुळे आजीच्या मोडक्या इंग्रजीत दोघांची कायम अदलाबदल व्हायची. आजोबांना दाखवायला नेलं की ती डॉक्टरांना सांगायची, “ती फार खोकते.” गायीबद्दल म्हणायची, “तो दूध चांगलं देतो.” मग दाराशी आलेल्या गणनेच्या माणसाला ती काय म्हणाली असेल? “हा लेम्पी. तो नऊ वर्षांचा.” त्याने लेम्पीचं लेनी ऐकलं आणि पुढे ‘मुलगा’ लिहिलं. ऐंशी वर्षांनी सरकारी कागदातून आजी बोलली, आणि तिचं बोलणं जन्मभर ऐकलेल्या मला ते ओळखू आलं नाही. प्रश्नचिन्ह छापलं असतं तरी गुन्हा तोच राहिला असता. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला तिच्याच घरात पाहुणी ठरवलं, ते मीच. क्षमा करा.

नवे तक्ते छापले आहेत, पण तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय पाठवणार नाही. जून आला तरी इथली थंडी अजून सरली नाही, जपा. मी केलेला वेलदोड्याचा गोड पाव, नीसू, सोबत पाठवते आहे. मधे थोडा कच्चा आहे.

तुमची भाची (हे मात्र दोन्ही कागदांनी सिद्ध होतं),
कारिन

ता. क. खरं काम राहिलंच. लेनी आणि लेम्पी यांची पानं एकत्र करायची आहेत. प्रोग्रॅम बजावतो की हे नंतर उलटवता येणार नाही. माझं बोट काही त्या बटणाकडे जात नाही. मी संगणक कॅम्पावर आणते, तुम्हीच दाबा. त्यासाठी तरी याल ना?

आणखी एक ता. क. पाकीट बंद करण्याआधी खात्री म्हणून १९४०चं पान मोठं करून पाहिलं. त्या वर्षी घरातल्या ज्या माणसाने उत्तरं दिली, त्याच्या नावापुढे गणनेचा माणूस वर्तुळात फुली मारत असे. ती आजीच्या नावापुढे असणार, या भरवशावर मी वरचं सगळं लिहिलं. फुली लेनीपुढे आहे. म्हणजे आजीच्या वतीने दारात जे नऊ वर्षांचं पोर इंग्रजी बोलायला उभं राहिलं, त्याने आपलं नाव आणि आपलं ‘मुलगा’ असणं स्वतःच सांगितलं! सॉनात पुरुषांची पाळी आधी आणि बायकांना निवलेले दगड, ही तुमची तक्रार मी लहानपणापासून ऐकते आहे. आत्या, मेणबत्ती धरताना तुम्ही हसत होतात का? रोजनिशीतला हुंदका खोडायचा आहे. आजीची मी माफी मागितली. तुमची मागितलेली परत घेत नाही, पण या. यंदा पहिली पाळी लेनीची.